जीबी ८६४

कुडाळात विमानतिकिटांचं दुकान चालवतो. बुकिंगं बुडतात, त्याचं एवढं काही नाही. पण हे मीच बुडवलं की काय, हे अजून कळत नाही.

भोगव्याला माझा मावसभाऊ दोन खोल्या पाहुण्यांना देतो. नाताळात लंडनहून एक कुटुंब यायचं होतं, नवराबायको आणि चौदा नि नऊ वर्षांची मुलं. आठ रात्री. भावाने खिडक्यांना जाळ्या मारल्या. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो माझ्याकडून दोनदा शिकून घेतला.

एका सकाळी मोबाइल घेऊन दुकानात हजर. "बाई म्हणतत, टॅक्स इतको की येवक जमाचा नाय. बघ मरे काय ता."

स्क्रीनशॉटवर तिकिटाची फोड होती. गिऱ्हाईक खालची बेरीज बघतं, आम्ही कोड बघतो. वायक्यू हा विमान कंपनीचा अधिभार (तो कंपनीच्या खिशात जातो, शिव्या मात्र सरकारला पडतात). यूबी विमानतळाचं शुल्क. आणि जीबी म्हणजे ब्रिटनची एअर पॅसेंजर ड्यूटी (तिथून उडणाऱ्या प्रवाशावरचा कर). १९९४ साली सुरू झाली तेव्हा लांबच्या प्रवासाला माणशी १० पौंड होती. इथे चौघांची बेरीज ८६४.

कारण लगेच दिसलं आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली. बाईंनी पाय पसरायला मिळावेत म्हणून प्रीमियम इकॉनॉमी धरली होती. २०२५-२६ च्या दरांत भारत मधल्या पट्ट्यात येतो, लंडनपासून २,००१ ते ५,५०० मैल. अंतर मोजतात ते राजधानीपर्यंत, म्हणजे दिल्लीपर्यंत. उतरा गोव्यातल्या मोपाला नाहीतर कुठेही. त्या वर्षी सर्वांत खालच्या वर्गाला ९० पौंड होते, त्यावरच्याला २१६. सोळा वर्षांखालच्या मुलांना माफी, पण खालच्याच वर्गात. मुलं वरच्या वर्गात बसली की त्यांचेही २१६. चौघं इकॉनॉमीत आली तर सगळे मिळून १८०. बुकिंगची ती चकाचक अ‍ॅपं हे एका ओळीत सांगतील तर शपथ.

भावासमोरच बाईंना फोन लावला. १८० ऐकून बाई खूश, भाऊ त्याहून खूश.

तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण हुशारीची खाज! म्हटलं, यातलेही वाचतील. आयर्लंडने स्वतःचा असा कर २०१४ मध्ये काढून टाकलाय. डब्लिनपर्यंत वेगळं तिकीट काढा, तेवढ्याला मोठ्या माणसामागे १३ पौंड, आणि पुढचं विमान तिथून धरा. मग धंद्याला जागून पुढचंही सांगितलं. तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान रखडलं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, बॅगा स्वतः उतरवून परत चेक-इन करायच्या. आणि सगळं एकाच तिकिटावर घेतलंत तर कर पुन्हा पूर्ण.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. "नवऱ्याशी बोलते," म्हणाल्या.

चार दिवसांनी भावाला मेसेज आला: पोर्तुगालला जातोय. तिथला दर तेव्हा १३ पौंड, मुलं माफ, म्हणजे २६. फरक १५४ पौंडांचा. चौघांच्या भाड्यापुढे ते काय? बाईंना करानेच मागे ओढलं असतं तर १८० ऐकून त्या हसल्या कशाला?

भाऊ गावात सांगत फिरतो, "टॅक्सामुळे इले नाय." मी मान डोलावतो. डब्लिनबद्दल मी फोनवर इंग्रजीत बोललो ते त्याला त्या दिवशी नीट कळलं नव्हतं.