राळ लावलेला हातमोजा

नातू टीव्हीवर ‘गॉडझिला’ हा जुना जपानी राक्षसपट बघत होता, मी पेपरात डोकं घालून बसलो होतो. तो प्राणी ओरडला आणि पेपर खाली आला. बत्तीस वर्षं जंगल खात्यात काढलीत. भेकराचं भुंकणं झोपेतही ओळखतो. पण हा आवाज कुठल्याच जनावराचा वाटेना.

नव्हताच. १९५४ च्या त्या सिनेमाचे संगीतकार अकिरा इफुकुबे. प्राण्यांचे आवाज वापरून काही जमेना, तेव्हा कॉन्ट्राबास या व्हायोलिनच्या थोरल्या भावाची तार सैल करून तिच्यावरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला, आणि ते ध्वनिमुद्रण हळू चालवलं. झाली डरकाळी! राळ हाताला कशी चिकटते हे ज्याला ठाऊक, त्यालाच असलं सुचणार. कारण हा गडी आमच्याच खात्यातला निघाला.

१९१४ साली जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, कुशिरो गावी जन्म. वडील पुढं ओतोफुकेचे गावप्रमुख झाले, तिथं ऐनू या तिथल्या आदिवासी लोकांची गाणी पोरवयातच कानी पडली. शिक्षण वनशास्त्राचं, संगीत आपलं आपणच शिकला. १९३५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याच्या ‘जपानी ऱ्हॅप्सडी’ या वाद्यवृंदाच्या रचनेला पॅरिसमध्ये चेरेपनिन हा संगीतरचनेचा पुरस्कार मिळाला. तरी स्वारी होक्काइदोतल्याच अक्केशीला वनाधिकारी म्हणून रुजू! (आमच्या विश्रामगृहातल्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला होता. माझी संगीतसाधना तिथंच आटोपली.)

युद्धात त्याच्याकडे लाकडावरच्या संशोधनाचं काम आलं. त्यात क्ष-किरण वापरायचे, पण त्यांच्यापासून बचावाची साधनं नव्हती; प्रकृती ढासळली, जंगलाची नोकरी सुटली. मग टोकियोत संगीत शिकवणं आणि पोटासाठी सिनेमे. १९५४ च्या मार्चमध्ये प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांजवळ जपानी मच्छीमार अमेरिकी अणुचाचणीच्या राखेत सापडले, नोव्हेंबरात गॉडझिला पडद्यावर आला. किरणोत्सारातून उठलेल्या राक्षसाला आवाज देणारा माणूस स्वतः किरणांनी पोळलेला, हे कळल्यावर मी तो सिनेमा पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

ते गाजलेलं धडधडतं संगीत ऐकाच, एकच तुकडा हट्टानं पुन्हा पुन्हा येत राहतो. मला मात्र त्यातली शाळकरी मुलींची शांततेची प्रार्थना जास्त मनाला लागली. उद्ध्वस्त शहर, आणि या पोरी सावकाश गातायत.

नातवाला ती कंटाळवाणी वाटली. त्याला डरकाळी हवी होती.

“आबा, गॉडझिला खरंच असा ओरडायचा?”

“नाही रे, ती तार आहे. वर हातमोजा घासलाय.”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी गुपचूप पेपर उचलला.