चाचे ही गाणी गात नव्हते

चाच्यांवरच्या व्हिडिओ गेममध्ये १७१५ च्या सुमाराचे दर्यावर्दी कोरसात शँटी, म्हणजे खलाशांची कामाची गाणी, गात शिडं चढवतात. मला हे फार खटकतं, कारण ज्यांनी ही गाणी घडवली ती माणसंच त्यात पुसली जातात.

आज गायल्या जाणाऱ्या बहुतेक शँटी एकोणिसाव्या शतकातल्या, व्यापारी जहाजांवरच्या. चाच्यांच्या जहाजावर माणसांना तोटा नसे. ब्रिटिश युद्धनौकांवरही नसे, शिवाय तिथे कामाच्या वेळी गायला मनाईच होती. व्यापारी जहाजाचा मालक मात्र पगार वाचवायला खलाशी कमी ठेवी. १८१८ पासून न्यूयॉर्क-लिव्हरपूल मार्गावर ठरल्या तारखेला सुटणारी पॅकेट जहाजं आली आणि घाईही वाढली. मोजक्या हातांनी अवजड शीड चढवायचं, तर सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा.

कनेटिकटमधल्या मिस्टिकच्या सागरी संग्रहालयात मी असा दोर ओढलाय. शँटीमन, म्हणजे गाणं सांगणारा खलाशी, एकटा ओळ म्हणतो, तेवढ्यात हात पुढे सरकवून दोर पकडायचा. मग सगळ्यांनी झील धरायची आणि त्या ओळीतल्या दोन ठरलेल्या शब्दांवर हिसका द्यायचा. थोड्याच वेळात तळहात चुरचुरू लागतात. हल्लीची रेकॉर्डिंग्ज किती पळवलेली असतात, ते तिथे समजलं. त्या लयीत पुढचा हिसका येईपर्यंत दोरावर पकडच बसणार नाही. नांगर उचलताना त्याचं चक्र ढकलत गोल फिरत चालायचं असे, म्हणून ती गाणी सलग आणि लांबलचक.

२०२१ मध्ये टिकटॉकवर गाजलेलं 'वेलरमन' तर न्यूझीलंडच्या देवमासे मारणाऱ्यांची गोष्ट सांगणारं गाणं. त्याला शँटी म्हणणं मला पटत नाही.

आणि ही झील धरण्याची रीत? अमेरिकेतल्या मोबाइल, न्यू ऑर्लिन्स या बंदरांत कापसाच्या गासड्या जहाजाच्या पोटात स्क्रूने दाबून भरणाऱ्या टोळ्या गातच काम करत. त्यात कृष्णवर्णीय मजूर होते, हंगामापुरते उतरलेले गोरे खलाशीही होते. कॅरिबियन बेटांवरच्या खलाशांचाही यात मोठा वाटा. १९२९ साली फुटलेल्या 'गार्थपूल' जहाजावर शँटीमन असलेल्या स्टॅन ह्यूगिलने कित्येक शँटी बार्बाडोसच्या हार्डिंग नावाच्या कृष्णवर्णीय खलाशाकडून घेतल्याचं लिहून ठेवलंय.

आमच्या भागातल्या गायकवृंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत या गाण्यांपुढे नुसतं 'इंग्लिश पारंपरिक' छापतात. निदान हार्डिंगकडून आलेल्या गाण्यांपुढे तरी त्याचं नाव छापा.