किडनी बदलल्यानंतरचा खोकला थंडीवर ढकलू नका

नाशकात दिवाळी उलटली की पहाटेचा गारठा वाढतो आणि घरोघरी खोकला सुरू होतो. किडनी प्रत्यारोपण झालेल्या माणसाने मात्र 'हवा बदलली' म्हणून आठवडाभर वाट पाहू नये. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्यामुळे न्यूमोनिया असूनही ताप कधी कधी ९९-१०० च्या पुढे सरकत नाही.

पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ सगळ्यात जपायचा. सीएमव्ही विषाणू आणि न्यूमोसिस्टिस ही बुरशी याच काळात गाठते. न्यूमोसिस्टिसमध्ये खोकला कोरडा असतो, बसल्या जागी ऑक्सिजन ९६ दिसतो आणि जिना चढला की ९० वर येतो. सुरुवातीचा एक्स-रे चक्क स्वच्छ येऊ शकतो! म्हणून खोकला असेल तर बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातच ६ मिनिटे चाला. आकडा ४ ने उतरला, तर त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फोन करा. पुढे एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि गरज पडल्यास फुप्फुसाची दुर्बिणीने तपासणी होते. हा आजार टाळायलाच को-ट्रायमोक्साझोल साधारण ६ महिने किंवा त्याहून जास्त देतात. 'किती दिवस अँटिबायोटिक खायचं' म्हणत ती गोळी परस्पर बंद करू नका, कळकळीने सांगतो.

धाप लागली म्हणजे जंतुसंसर्गच असे नाही. एक-दोन दिवसांत वजन २ किलो वाढले, लघवी घटली, आडवे होताच श्वास कोंडला, तर फुप्फुसात पाणी साचत असू शकते. तेव्हा फोनही नको, थेट रुग्णालय गाठा.

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांनी शेणखत उकरणे, कुजलेला पाला किंवा बुरसलेला चारा हलवणे ही कामे पहिले वर्षभर तरी दुसऱ्यावर सोपवावीत. त्या धुळीत अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू असतात, मातीत नोकार्डिया हे जिवाणू. साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. जवळपास थांबावेच लागले तर एन-९५ नीट घट्ट बसवा.

टीबी कधीही डोके वर काढतो. त्यावरचे रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातले प्रमाण) पाडते आणि शरीर किडनी नाकारू लागते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक उलट लेव्हल चढवते. म्हणून औषध बदलले की लेव्हल तपासा. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे. रिफाम्पिसिन थांबल्यावर त्याचा परिणाम साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. तेव्हा, रिफाम्पिसिन चालू असताना वाढवलेला टॅक्रोलिमसचा डोस खाली आणायचा राहिला, तर त्याच गोळीने किडनीला इजा होते.