तुम्ही विचारलंत म्हणून: तो नेमकं करतो काय?

आवडता नट कोण, असं कुणी विचारलं की मी हॅरी डीन स्टँटन या अमेरिकन नटाचं नाव सांगतो. नावाने कुणाला काही आठवत नाही. फोटो दाखवला की मात्र "अरे, हा होय! याला कुठेतरी पाहिलंय" असं होतं. आणि त्याचा एखादा चित्रपट बघून आलेल्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण तो करतो काय? नुसता उभा तर असतो!" इतक्या जणांनी विचारून झालंय की आता लिहूनच टाकतो.

नुसता उभा असतो हे खरंच आहे. पण तसं उभं राहता यायला त्याची निम्मी हयात गेली. जन्म १९२६ चा, केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्विन नावाच्या छोट्या गावातला. वडील तंबाखूची शेती करायचे, शिवाय केस कापायचे. दुसऱ्या महायुद्धात हा नौदलात स्वयंपाकी होता आणि जपानच्या ओकिनावा बेटावरच्या लढाईच्या वेळी तिथल्याच एका जहाजावर होता. परत आल्यावर केंटकी विद्यापीठ, मग कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना प्लेहाउस, आणि मग टीव्हीवरच्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉयछाप, मालिकांमधली किरकोळ कामं. तेव्हा हॅरी स्टँटन नावाचा आणखी एक नट होता, म्हणून श्रेयनामावलीत याचं नाव 'डीन स्टँटन' असं यायचं. स्वतःचं आख्खं नाव पडद्यावर यायलाही त्याला थांबावं लागलं.

एक किस्सा तो पुढे आवडीने सांगायचा. १९६६ चा 'राइड इन द व्हर्लविंड' हा मॉन्टी हेलमनचा अगदी कमी पैशांत केलेला चित्रपट. पटकथा नट जॅक निकल्सनची. तो आणि स्टँटन मित्र, काही काळ एकाच घरात राहिलेले. स्टँटनला दरोडेखोरांच्या म्होरक्याचं काम होतं. निकल्सनने त्याला बजावलं, की तू काहीही करायचं नाहीस, अभिनय कपडेपट करेल. मला विचाराल तर स्टँटनचं सगळं शिक्षण या एका वाक्यात झालं.

'एलियन' (१९७९), म्हणजे अवकाशयानात शिरलेल्या जीवघेण्या परक्या प्राण्याची गोष्ट, बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यातला ब्रेट, म्हणजे यानावरचा मेकॅनिक, तो हाच. वरिष्ठ काही बोलले की "राइट" एवढंच म्हणतो, आणि त्यावरून त्याची थट्टाही होते. हा ब्रेट मांजर शोधत एका उंच, ओल्या दालनात येतो. वरून पाणी ठिबकतंय. तो क्षणभर थांबतो, टोपी काढतो आणि चेहऱ्यावर पाणी पडू देतो. आता पुढे काय होणार हे आपल्याला कळून चुकलेलं असतं. त्याला मात्र गार वाटत असतं, बस. दुसऱ्या एखाद्याने इथे भीतीची आगाऊ सूचना दिली असती. स्टँटनने दिवसभर राबलेला माणूस दिला, म्हणून त्याचं मरण आपल्याला लागतं.

तरीही नायक कुणी करेना. सॅन्टा फेमधल्या एका बारमध्ये त्याची नाटककार सॅम शेपर्डशी गाठ पडली. तेव्हा तो बोलून गेला, की त्याच त्या भूमिकांचा कंटाळा आलाय, जरा हळुवार, सुंदर असं काही करायला मिळावं. पुढे शेपर्डने लिहिलेल्या आणि विम वेंडर्सने दिग्दर्शित केलेल्या 'पॅरिस, टेक्सास'मधला ट्रॅव्हिस त्याच्याकडे आला. चित्रीकरणाच्या वेळी वय सत्तावन्न. १९८४ मध्ये चित्रपटाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, 'पाम द'ऑर', मिळालं.

चार वर्षं बेपत्ता असलेला हा ट्रॅव्हिस वाळवंटातून चालत येतो आणि बराच वेळ तोंडच उघडत नाही. पण माझ्या लेखी खरी परीक्षा शेवटाकडे आहे. पीप-शोच्या, म्हणजे पैसे मोजून काचेआडून बायका बघायच्या ठिकाणच्या, खोलीत तो तिथेच काम करणाऱ्या आपल्या बायकोसमोर बसतो. मधल्या काचेतून त्याला ती दिसते, तिला तो दिसत नाही, बोलायला फक्त फोन. दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो खुर्ची फिरवतो आणि तिच्याकडे पाठ करून, ओळखीच्या दोन माणसांची गोष्ट म्हणून, स्वतःच्याच संसाराची वाताहत सांगू लागतो. (शेपर्ड दुसऱ्या चित्रपटात अडकला होता, म्हणून हे भाषण त्याने वेंडर्सला फोनवरून सांगितलं.) समोरच्याची नजर हा नटाचा केवढा मोठा आधार, तोच इथे काढून घेतलेला. आवाज चढत नाही, हुंदका नाही. तो फक्त आठवत जातो, आणि काचेपलीकडे नास्तासिया किन्स्कीच्या चेहऱ्यावर ओळख पटत जाते. सगळा प्रसंग तो तिच्या हवाली करतो. "करतो काय?" याचं माझं उत्तर हे आहे: समोरच्याला जागा करून देतो.

तो 'अंडररेटेड', म्हणजे त्याची हवी तेवढी कदर झाली नाही, असं म्हणतात. ते मात्र मला अर्धंच पटतं. धंद्यातल्या लोकांना त्याची किंमत पुरती ठाऊक होती. समीक्षक रॉजर इबर्टने तर नियमच केला होता, की स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांच्यापैकी कुणी दुय्यम भूमिकेत असेल तो चित्रपट अगदीच टाकाऊ असू शकत नाही. (पुढे त्याला अपवाद मान्य करावे लागले, तो भाग वेगळा!) ऑस्करचं साधं नामांकनही कधी मिळालं नाही हे खरं. पण हा गृहस्थ काही त्यासाठी झुरत बसला नाही. लग्न केलं नाही, आपला बँड घेऊन लॉस एंजेलिसच्या क्लबांत गात राहिला.

आख्खा चित्रपट पुन्हा त्याच्या खांद्यावर आला तो थेट नव्वदीत, 'लकी'मध्ये. तो लकीसुद्धा नौदलातला जुना स्वयंपाकी. त्यात ओकिनावाच्या आठवणी सांगणारा दुसरा म्हातारा म्हणजे टॉम स्केरिट, 'एलियन'मधल्या यानाचा कॅप्टन. स्टँटन १५ सप्टेंबर २०१७ ला गेला, वयाच्या ९१ व्या वर्षी. चित्रपट त्यानंतर दोन आठवड्यांनी लागला.

सुरुवात कुठून करू, असंही विचारता. 'पॅरिस, टेक्सास'पासून करू नका, तो जरा सवड काढून बघा. आधी डेव्हिड लिंचचा 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९) लावा. एक म्हातारा गवत कापायच्या यंत्रावर बसून, कित्येक वर्षं अबोला धरलेल्या आजारी भावाला भेटायला निघतो. तो भाऊ म्हणजे स्टँटन. अगदी शेवटी येतो, जेमतेम दोन वाक्यं बोलतो आणि दारातल्या त्या यंत्राकडे बघतो. चित्रपट पुढे पळवून तिथे जाऊ नका. आधीचे जवळपास दोन तास बघितल्याशिवाय त्या बघण्यातलं काही हाती लागणार नाही.