कोळशांचा विस्तव

थोरल्या भावाशी पैशांच्या व्यवहारात खोटे बोललो, तेव्हापासून पुण्यात कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसत होतो आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, प्याला पुढे आला की मान खाली घालत होतो. गेल्या रविवारी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 22 व्या अध्यायाचे वाचन झाले: आपला शिष्य पेत्र ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून आपल्याला नाकारणार हे ठाऊक असूनही, तो पडण्याआधीच, येशूने त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. म्हणजे मदत पापाच्या आधीच निघालेली होती! योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना प्रभूला नाकारतो; पुढे पुनरुत्थित येशू तशाच विस्तवावर मासळी ठेवून त्याला न्याहारीला बोलावतो आणि तीनदा प्रीतीविषयी विचारतो. संध्याकाळी हडपसरला दादाकडे गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि मी सगळे सांगितले.