एबीजीचं सँपल घेताना : माझा अनुभव

शिरेतून रक्त काढायला हात लवकर बसतो. एबीजीचं, म्हणजे धमनीतलं रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता मोजायच्या तपासणीचं, तसं नाही. धमनी डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांनीच शोधावी लागते, आणि पेशंट आधीच धापा टाकत असतो. बेळगावात इंटर्नशिप करताना मेडिसिनच्या वॉर्डात मी हे काम शिकले.

थंडीत निपाणी, चिकोडी, खानापूरकडून दम लागलेले पेशंट यायचे. त्यातल्या निपाणीच्या एक मावशी चांगल्याच लक्षात आहेत. उभी हयात विड्या वळण्यात आणि चुलीच्या धुरात गेलेली. दोन शब्द बोलल्या की थांबायच्या. मी मनगटातून रक्त घ्यायचं म्हटल्यावर त्यांनी पटकन डावा हात पुढे केला. "उजवा नको गं बाळ, कामाचा हात हाय त्यो." त्यांचं बरोबरच होतं, शक्यतो कामाचा हात टाळायचाच असतो.

आधी अ‍ॅलन टेस्ट, म्हणजे एक धमनी टोचली तरी दुसरी हाताला रक्त पुरवते ना याची खात्री. मूठ घट्ट आवळायला लावून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबल्या. मूठ उघडली तेव्हा तळवा पांढरा पडला होता. करंगळीकडची धमनी सोडली. तंबाखूनं बोटांची टोकं पिवळी, राठ झालेली, तिथं रंग कळेना, म्हणून अंगठ्याच्या मुळाशी बघत राहिले. दहा सेकंदांच्या आत लाली परतली. म्हणजे अंगठ्याकडची धमनी टोचली तरी हाताला रक्त कमी पडणार नव्हतं.

मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, दोन बोटांखाली नाडी पकडली आणि सुई ४५ अंशांत हळू आत सरकवली. दट्ट्या ओढावा लागला नाही. ठोक्यागणिक रक्त आपणच वर चढत होतं. सुई धमनीतच आहे याची खूण धरायची ती हीच, रंग नव्हे, कारण ऑक्सिजन कमी असेल तर धमनीतलं रक्तसुद्धा काळपट दिसतं. मावशींचं तसंच होतं.

सुई बाहेर आली की काम संपलं असं वाटतं, पण रिपोर्ट बिघडतो तो इथून पुढे. सिस्टरनी पाच मिनिटं कापूस दाबून धरला (रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जास्त वेळ). मी तोवर हवेचा बुडबुडा काढला, टोपण लावलं, रक्त गोठू न देणारं हेपरिन मिसळावं म्हणून सिरिंज तळहातांत फिरवली. बुडबुडा राहिला तर त्यातली हवा आकडे बदलते. उशीर झाला तर रक्तातल्या जिवंत पेशी ऑक्सिजन खातात आणि कार्बन डायऑक्साइड वाढवतात. प्लास्टिकची सिरिंज बर्फात न ठेवता अर्ध्या तासाच्या आत मशीनला लावायची. फॉर्मवर 'नळीनं मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू' असं लिहिलं. हे लिहिलं नाही तर ऑक्सिजनच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

रिपोर्ट आला : पीएच ७.३१, कार्बन डायऑक्साइड ६२, बायकार्बोनेट ३०. म्हणजे कार्बन डायऑक्साइड साचून रक्त आम्लाकडे झुकलं होतं. सरांनी लगेच बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) लावला आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८८ ते ९२ मध्येच ठेवायला सांगितलं. अशा फुफ्फुसांना ऑक्सिजन जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो.

तासाभरानं पुन्हा सँपल हवं होतं. पहिल्या वेळी मावशी कळवळल्या होत्या. दुखलं की माणूस भराभर श्वास घेतो किंवा रोखून धरतो, आणि आपण मोजायला निघालोय तेच बदलतं. तातडीचा प्रसंग सोडला तर आधी जागा बधिर करावी असं ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. तरी आमच्याकडे घाईत ते राहूनच जातं, आणि हे मला पटत नाही. सरांना विचारून लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा बारीकसा टोचा दिला, शिरेत गेला नाही ना ते पाहून, आणि मिनिटभर थांबले. या वेळी मावशींचा हात हललासुद्धा नाही. कार्बन डायऑक्साइड ५४ वर आला होता, पीएच ७.३५.