क्लबच्या इतिहासाची नोंद, भाग ४: नेटखालचे दोन बुंधे

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आमच्या गावचा टेनिस क्लब पहिल्या दिवसापासून डबल्सचा, म्हणजे दोन-दोनच्या जोड्यांनी खेळणारा. आधार काय, तर जुन्या फोटोंत कायम चार माणसं. कॅमेरा दिसला की माणसं गोळा होतात, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही. विधान मागे घेतो.

झालं असं की कोर्टाचा वरचा मातीचा थर बदलायला काढला होता. नेटच्या रेषेत खरवडताना कुदळ खणकन वाजली. वीतभर खाली काँक्रीटमध्ये रुतलेला लोखंडी नळीचा बुंधा निघाला, वरून कापलेला. हल्लीच्या खांबापासून चांगला आत, अ‍ॅलीत (सिंगल्स आणि डबल्सच्या बाजूच्या रेषांमधला पट्टा). एक आहे म्हणजे जोडीदार असणारच, म्हणून पलीकडे तेवढ्याच अंतरावर खणलं. तासाभरात दुसराही हाती लागला. दोघांनी टेप धरली: मध्यापासून मध्यापर्यंत १०.०६ मीटर.

मोजणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. सिंगल्सचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद, आणि खांब बाजूच्या रेषेबाहेर ०.९१४ मीटरवर. दोन्ही बाजू धरल्या की बरोब्बर १०.०६, म्हणजे हे सिंगल्सच्या नेटचे जुने खांब. डबल्सचं कोर्ट १०.९७ रुंद, म्हणून खांबांमधलं अंतर १२.८०. आमचे आजचे खांब तसेच आहेत. म्हणजे खांब दोन्हीकडे १.३७ मीटर सरकले, आणि अ‍ॅलीची रुंदीही तेवढीच. कुणीतरी विचारलं, सिंगल्स स्टिकची (डबल्सच्या नेटवर सिंगल्स खेळताना नेट उचलून धरणारी काठी) जागा असेल का? नाही. स्टिक नेटखाली उभी करतात आणि खेळ संपला की काढून ठेवतात, तिला काँक्रीट कशाला?

तरी एका मापावर इतिहास लिहायचा नाही, हे मागच्या चुकीवरून शिकलोय. आमच्या कोर्टाच्या रेषा म्हणजे खिळ्यांनी ठोकलेल्या पट्ट्या. पट्ट्या बदलतात, काही खिळे खालीच राहतात. जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून मी दोन संध्याकाळी कोर्टावर ओढत फिरलो (पोरांची करमणूक झाली ती वेगळी). आतल्या रेषेवर मोठ्या डोक्याचे, गंजून भुगा व्हायला आलेले खिळे मिळाले. बाहेरच्या रेषेवर फक्त बारीक, बरेच नवे. आतली रेषा डबल्सच्या कोर्टातही असतेच, त्यामुळे तिथे खिळे सापडण्यात नवल नाही. पण मोठ्या डोक्याचा एकही खिळा बाहेरच्या रेषेवर नाही, हे बोलकं आहे. याला मी अर्धा पुरावा म्हणेन.

जाता जाता कर्णही तपासले. बेसलाइनच्या (कोर्टाची मागची रेषा) कोपऱ्यापासून नेटच्या रेषेवरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत सिंगल्सचा कर्ण १४.४६ मीटर हवा. जुन्या खिळ्यांवरून एक १४.५१ आला, दुसरा १४.४०. आखणाऱ्यांनी लांबी-रुंदी मोजली आणि कर्ण सोडून दिले! काटकोन थोडा चुकलेल्या या कोर्टावर कित्येक बॅकहँड उगाच बदनाम झाले असतील.

उरलेला पुरावा सामन्यांच्या वहीत होता. वही मी आधीही वाचली होती, पण फक्त नावांसाठी. आता स्कोअर वाचले. सुरुवातीची पानं एकेकट्या नावांची, एके ठिकाणी सेट १२-१०, म्हणजे टायब्रेक (बरोबरी झाली की एका निर्णायक गेमवर सेट संपवायची पद्धत) आमच्याकडे आलाच नव्हता. पुढे जोड्या सुरू होतात. त्यानंतर अकराव्या पानावर एक सेट चक्क ९-८. आधी वाटलं लिहिणाऱ्याची डुलकी. पण विंबल्डनमध्ये १९७१ ते १९७८ पर्यंत टायब्रेक ८-८ वर खेळत, ६-६ वर तो १९७९ पासून आला. आठ गेमच्या प्रो-सेटमध्येही (एकाच लांब सेटचा सामना) ९-८ होऊ शकतो, पण त्याच सामन्यात बाजूचा सेट ६-४ आहे, म्हणून ती शक्यता बाद. पानावर तारीख नसली तरी ते १९७१ नंतरचं, बहुधा त्याच दशकातलं. जोड्या त्याआधीच्या, म्हणजे कोर्टही तोवर रुंद झालेलं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं: आमचा क्लब वाढला तो दुसरं कोर्ट झालं तेव्हा नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, या १.३७ मीटरमध्ये. एका कोर्टावर दोघांऐवजी चौघं मावले की बाकावरची रांग निम्मी होते. वहीत बायकांची नावंही जोड्यांसोबतच पहिल्यांदा येतात. क्लबमधल्या सगळ्यात जुन्या सभासद आजींना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तोवर आम्ही नुसते बॉल वेचायचो रे." वार्षिक अहवालांत याबद्दल एक ओळ नाही. दुसऱ्या कोर्टाच्या उद्घाटनाला मात्र दोन पानं.

तीच रुंदी आता मुलांच्या कामी आली. लाल बॉलचं कोर्ट साधारण ११ मीटर लांब आणि साडेपाच रुंद लागतं, म्हणजे डबल्सच्या कोर्टावर ते आडवं बसतं. नेटच्या दोन्हीकडे एकेक आखलं, मधे छोटी नेट ०.८० मीटर उंचीची. लाल बॉल नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के हळू, त्यामुळे सात-आठ वर्षांची पोरंही रॅली करतात. शनिवारी आठ जण एकाच वेळी खेळत होते.

बुंधे उपटले नाहीत. मापं नकाशावर चढवली, फोटो काढले आणि माती परत लोटून रोलर फिरवला. आता दुसऱ्या कोर्टाखाली चुंबक फिरवायचा आहे, पण तिथे सिमेंट आहे, त्यामुळे आधी त्याच्या कडेची गटारं उघडावी लागतील.